करणारं माणूस

मामाजींच्या हातात कुठलीही वस्तू दिली की ते ती आधी उलटी करत. स्टीलचा डबा असो, चप्पल असो, नाहीतर कोणाच्या लग्नाची पत्रिका असो. इतवारीत धान्य घ्यायला गेले तर पोत्याच्या तोंडाशी असलेल्या गव्हाकडे ते ढुंकूनही बघत नसत. बाही कोपराच्या वर सारून हात थेट तळाशी घालत आणि तिथून मूठभर दाणे वर काढत. दुकानदार जुन्या ओळखीचा होता. तो वैतागून म्हणायचा, "मामाजी, इतक्या वर्षांत माहा माल एकदा तरी खराब निघाला का?"

मामाजी दाणे तळहातावर फिरवत म्हणायचे, "म्हणूनच तं पाहून राहिलो. इतके दिवस नाही निघाला, म्हणजे आता निघाची पाळी आली."

ही सवय त्यांना नोकरीनं लावली होती. उमरेडला विणकरांची एक सोसायटी होती आणि तिथं आलेला माल तपासून घेणं हे मामाजींचं काम. विणकर साडी आणून गादीवर ठेवायचा आणि मामाजी ती उलटी पसरायचे. काठाची, पदराची, सुलट बाजूची स्तुती कोणी सुरू केली तर त्याला थांबवायचे. "सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी असते गा. माही नोकरी उलट्या बाजूची आहे." सुटलेला धागा, मागून मारलेली गाठ, घाईत भरलेली नक्षी, सगळं उलट्या बाजूला सापडतं, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर ते मामीला घेऊन नागपुरात आले, मनीषनगरला आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहू लागले, पण ती नोकरी काही त्यांनी सोडली नाही. फक्त साड्यांऐवजी माणसं आली.

एसटीत चढताना ते कंडक्टरला विचारत, "उमरेडच ना?" मग ड्रायव्हरला विचारत. मग शेजारच्या प्रवाशाला. तिघांनी हो म्हटलं की त्यांची शंका आणखी वाढायची. माझ्या कानात सांगत, "तिघंबी एकच बोलून राहिले. ठरवून आल्यासारखे."

वडिलांच्या बदल्यांमुळे माझं शाळेचं शिक्षण मामाजींच्या घरी उमरेडला झालं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी त्यांच्या घरात मुलासारखा राहिलो असं लोक म्हणत, आणि ते खरंच होतं. मामीच्या हातचा गोळाभात खाऊन मी मोठा झालो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसणार नाही आणि वाचणाऱ्यानं ती उलटीच करून बघावी.

त्या घरात मामाजींची आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती. मला आठवतं ते असं, की नातेवाईक येत, आजीच्या खाटेशी बसत, डोळे पुसत, चहा घेत आणि जात. आजी गेल्यावर दिवसांना आलेले लोक मामाजींना म्हणाले, "गणपतराव, आईचं फार केलं तुम्ही." मामाजी लगेच म्हणाले, "मी नाही. मी पाहिलं. केलं हिनं." आणि त्यांनी आत पोळ्या लाटणाऱ्या इंदूमामीकडे बोट केलं. सांगणारा माणूस अवघडला. मामाजी मात्र समजावून सांगत बसले, जणू काही हिशेबातली चूक दुरुस्त करत होते. औषध आणणं, डॉक्टरला बोलावणं, खाटेशी बसणं, हे सगळं पाहण्यात येतं. आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, खालचं साफ करणं, हे करणं. "पाहणारे गावभर भेटतात," ते म्हणाले. "करणारं एखादंच असते."

मला तेव्हा हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटला होता.

मामी विसरायला लागली तेव्हा मामाजींना सगळ्यात आधी शंका आली ती मामीचीच. ती मुद्दाम करते आहे असं त्यांना वाटे. भाजीत दोनदा मीठ पडलं की ते तिच्या तोंडाकडे बारकाईनं बघत. मग डॉक्टरची शंका आली. मग औषधाची. एक दिवस मामी आमच्या घरी यायला निघाली आणि भलत्याच इमारतीच्या जिन्यात बसलेली सापडली. त्या संध्याकाळी मामाजी माझ्याकडे आले, खुर्ची उलटी करून तिचे पाय बघितले, मग सुलटी करून तिच्यावर बसले आणि म्हणाले, "सुधीर, जागा पाहाची आहे."

"कसली जागा?"

"आम्ही दोघं राहू, अशी. आता हिचं मी करतो. पण माहे हात पाय," त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. "उद्या हे खाटेवर पडली तं मले उचलनं होणार नाही. अन् मी आधी गेलो तं हिचं कोण करन? जागा अशी पाहिजे का चालता-फिरता माणूस बी तिथंच, अन् पडला तं बी तिथंच. तिथून काढून देणार नाही अशी. अन् दोघं संग."

या एवढ्याच तीन अटी होत्या. त्या किती कठीण आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "मामाजी, मी पाहतो."

ते हसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती मी उमरेडच्या सोसायटीत पाहिली होती, एखादी साडी सुलटीच घडी करून पुढे सरकवणाऱ्या विणकराकडे बघताना.

पहिली जागा मी शोधली. तिची जाहिरात मोठी होती, इमारत नवीन होती, आणि ती माझ्या ऑफिसच्या वाटेवर होती, म्हणजे मला जाता-येता डोकावता आलं असतं. मी स्वतःवर खूश होतो. दारातच कारंजं. त्याच्याभोवती झेंडूच्या कुंड्या. मामी कारंज्याजवळ थांबली आणि आनंदानं म्हणाली, "चांगलं आहे वं. कोणाचं लग्न आहे?"

टाय लावलेला एक तरतरीत व्यवस्थापक आम्हाला सगळीकडे फिरवत होता. योगाची खोली, भजनाची खोली, वाचनालय. भिंतीवर मोठ्या अक्षरात 'आजीवन निवास' असं लिहिलं होतं. मामाजी ते वाचत थांबले.

"कोणाचं जीवन?"

"अं? तुमचं, काका."

"हाव. मले वाटलं इमारतीचं."

व्यवस्थापक मोकळेपणानं हसला. म्हणाला, "काका, तुम्ही अगदी निश्चिंत राहा. काकूंचं सगळं आम्ही पाहू."

"पाहून तं आम्हीबी राहिलो," मामाजी म्हणाले. "करते कोण?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मला लाज वाटली. मी घाईघाईनं म्हणालो, "म्हणजे त्यांना विचारायचंय, प्रत्यक्ष सेवा..."

"स्टाफ आहे ना, सर. पूर्ण ट्रेंड स्टाफ."

"त्या स्टाफचं नाव काय?" मामाजींनी विचारलं.

त्याला नाव सांगता आलं नाही. मामाजींनी मग संडास कुठे आहे असं विचारलं, आणि दाखवलेल्या दिशेच्या बरोबर उलट दिशेनं गेले. बराच वेळ आले नाहीत. व्यवस्थापक मला कार्यालयात बसवून संत्र्याचं सरबत पाजत होता, मामी ग्लासातल्या बर्फाकडे कौतुकानं बघत होती, आणि मी मनातल्या मनात मामाजींवर चिडत होतो. ते परत आले तेव्हा त्यांच्या पायजम्याला कूलरच्या मागची ओल लागली होती.

"झोपलेले कुठी आहेत?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"दुपारी सगळे आपापल्या खोलीत विश्रांती घेतात, काका."

"दुपारचे झोपलेले नाही विचारून राहिलो बाप्पा. उठू न शकणारे."

व्यवस्थापकानं टाय सारखा केला. इथे सगळे सक्रिय ज्येष्ठ आहेत, म्हणाला. सकारात्मक वातावरण राखावं लागतं. कोणाची तब्येत फारच बिघडली तर नातेवाइकांना कळवलं जातं आणि त्यांनी ठरावीक मुदतीत त्यांना घेऊन जायचं असतं. नियमातच आहे तसं.

मामाजी शांतपणे उठले. "हे तं दुकानाच्या बी उलट झालं," म्हणाले. "दुकानदार फाटका माल वापस घेत नाही. तुम्ही फाटला का वापस देता."

गाडीत मी त्यांना म्हणालो, "मामाजी, लोकांशी असं बोलू नये. त्यांनी किती आदरानं..."

"आदर कराले काय लागते?" ते म्हणाले. "बेडपॅन लावाले माणूस लागते."

दुसऱ्या जागेला मात्र झोपलेल्यांसाठी वेगळा मजलाच होता. हे ऐकून मीच उत्साहानं मामाजींना घेऊन गेलो. तिथं सगळं पांढरं, स्वच्छ. परिचारिका गणवेशात. मामाजी नाक वर करून वास घेत होते. मला वाटलं, आता काही खोट काढता येणार नाही. फिनाईलचा वास येत होता, आणि तो तर चांगलाच.

"एवढं काहून टाकलं?" ते पुटपुटले. "आम्ही येणार म्हणून का रोजचं?"

बायकांच्या खोलीच्या दारात मामाजी थबकले. आत ओळीनं खाटा होत्या. सगळ्या म्हाताऱ्यांचे केस कानाच्या वर, एकाच मापानं कापलेले. मी ते पाहिलंही नसतं. सोबत असलेल्या बाईंनी सांगितलं, "स्वच्छतेच्या दृष्टीनं सोपं जातं. कोंडा, उवा, काही त्रास नाही."

"त्यांना इचारलं होतं?"

"आजोबा, त्यांना आता काय कळतं?"

मामीनं दोन्ही हातांनी आपली वेणी पुढे ओढून घेतली होती. तिला काय समजलं, किती समजलं, मला सांगता येणार नाही. पण खाली उतरेपर्यंत तिनं ती वेणी सोडली नाही. पुरुषांचा विभाग खालच्या मजल्यावर होता, बायकांचा वर. नवरा-बायको असले तरी भेटायच्या वेळा ठरलेल्या. मामाजींनी एकच प्रश्न विचारला: "मी खाली पडून राहीन अन् हे वर पडून राहीन, तं भेटाले कोण कोणाकडे जाईन?"

आम्ही तिथून निघालो.

त्या दिवशी परतताना मी गाडी चालवत होतो. मागच्या सीटवर मामीला झोप लागली होती. शेवटी मी ते वाक्य म्हणालो, जे मी कितीतरी दिवस गिळत होतो. "मामाजी, तुम्ही दोघं आमच्याकडेच या ना."

खरं सांगतो, ते म्हणताना मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं आणि त्यांनी 'नाही' म्हणावं असं मला वाटत होतं. आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा. बायको शाळेत नोकरीला. मी महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. ही सगळी कारणं खरी होती, आणि ती खरी आहेत याचंच मला वाईट वाटत होतं.

मामाजींनी मागे वळून झोपलेल्या मामीकडे बघितलं. मग म्हणाले, "आलो तं करन कोण?"

"मी... आम्ही पाहू ना."

"हाव. तू पाहशीलच. तुह्यावर शंका नाही मले." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते मला टोचलं. "पण करन तं बाईच. तू बाई ठेवशील. तुही बायको शाळेत, तू दौऱ्यावर. त्या बाईवर नजर कोण ठेवन? जिथं बाया करतेत तिथंच आम्ही गेलेलं बरं. निदान त्या बाईले दुसरी बाई पाहते."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते सुटल्यासारखं वाटणं मी अजून विसरलेलो नाही.

तिसऱ्या जागेची माहिती मामाजींनीच काढली, उमरेडच्या कोणा जुन्या विणकराकडून. शहराबाहेर, उमरेड रस्त्यावर, बैठी कौलारू इमारत, कारंजं वगैरे काही नाही. दारात वाळत घातलेल्या चादरी. चालवणाऱ्या सुनंदाबाई पूर्वी मोठ्या दवाखान्यात सिस्टर होत्या, इथंही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांनी आम्हाला काहीच दाखवलं नाही. बसायला सांगितलं आणि मामाजींनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजींना कशाची भीती वाटते? आंघोळीला नाही म्हणतात का? आधी पाय धुतलेले चालतात की आधी तोंड? चिडल्यावर कशानं शांत होतात? तुम्ही त्यांच्यावर ओरडता का?

"काहून इचारून राहिल्या?" मामाजी सावध झाले.

"नवरे ओरडतात. मग बायका इथं येऊन आम्हाला घाबरतात."

मामाजींनी खुर्चीत जागा बदलली. "एखाद्या वेळी ओरडतो," म्हणाले.

"बरं. आधी आठवडाभर राहून बघा," सिस्टर म्हणाल्या.

"आम्ही पसंत नाही पडलो तं काढून द्यासाठी?"

"तुम्ही आमच्यावर शंका घेणार, मग आम्ही तुमच्यावर घ्यायची नाही का?"

मी मामाजींकडे बघितलं. त्यांचा चेहरा खुलला होता. संशय घेणारं माणूस भेटल्याचा तो आनंद होता. मला तर उलट त्या जागेबद्दल शंका वाटत होती. भिंतींना ओल होती, रस्ता खराब होता, आणि नातेवाइकांना सांगायला ते नाव काही भारदस्त वाटत नव्हतं. हे शेवटचं कारण मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्या आठवड्यात मामाजींनी जो प्रकार केला तो त्यांनीच मला नंतर, माझ्याकडे न बघता सांगितला.

एका सकाळी ते उठलेच नाहीत. 'मले उठवत नाही, पाय गेले,' असं म्हणून पडून राहिले. मामीचं करणारी माणसं कशी आहेत हे तिच्याकडून कळणार नाही, कारण ती सांगू शकत नाही. म्हणून तिच्या जागी आपणच पडून बघायचं, असा त्यांचा बेत. रंजना नावाची तिथली बाई आली. भिवापूरकडची, चाळिशीची, कपाळावर मोठं कुंकू. तिनं त्यांच्या पायांना हात लावून पाहिला, सिस्टरला सांगून आली, आणि गरम पाण्याचं भांडं घेऊन बसली.

"आबाजी, आता पाठ पुसतो बरं. पाणी गरम आहे, सांगून ठेवतो. या कुशीवर करतो आता. हात माह्या खांद्यावर ठेवा. असे."

प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ती सांगत होती. मामाजी डोळे किलकिले करून तिच्याकडे बघत होते. आणि एवढ्यात शेजारच्या खाटेवर बसलेली मामी मोठ्यानं म्हणाली, "उठतेत ना ते. सकाळीच उठून नळ पाहून आले. मग पुन्हा झोपले."

मामीला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नसे. पण हे आठवलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय मग. मी तसाच पडून राहिलो डोळे मिटून. लाज वाटली." मामाजी पायजम्याची नाडी बोटाला गुंडाळत होते. "मले वाटलं आता हे बाई भांडं आपटन अन् जाईन. तं म्हणते कशी, 'आबाजी, पाणी गरम केलंच आहे तं आता पुसूनच घ्या. अर्धं पुसलेलं बरं नाही दिसत.' अन् पुसलं. पाय बी पुसले. बोटाच्या मधातलं बी."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "सुधीर, शंका घ्याले जागाच नाही ठेवली गा तिनं."

असं म्हणून ते स्वस्थ बसले असते तर मामाजी कसले. जागा पक्की झाली, ते तिथं राहायला गेले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मला फोन आला की रंजना एवढी चांगली का आहे याचा तपास करायला पाहिजे. "काहीतरी असन. एवढं चांगलं कोणी बिनकामाचं नसते." ते तिला उलटसुलट प्रश्न विचारत. 'कालच्यापेक्षा आज उशीर काहून?' 'आजीले भाजी वाढली का मले दाखवाले वाढली?' ती हसून म्हणायची, "आबाजी, तुम्ही पोलिसात पाहिजे होते." मग सिस्टर आत येऊन म्हणायच्या, "पोलिसांनीसुद्धा घेतलं नसतं. आबाजींनी आधी साहेबांनाच पकडलं असतं." मामाजींना हे बोलणं आवडे. मला ते पुन्हा पुन्हा सांगत.

मामी पुढे खरंच खाटेवर पडली. आधी चालणं गेलं, मग बोलणं बहुतेक सगळं गेलं. तिला कुठे हलवलं नाही. त्याच खोलीत, मामाजींच्या खाटेशेजारी. तिची वेणी रोज घातली जात असे. मी हे लक्षात ठेवून बघितलं, कारण आता मलाही बघायची सवय लागली होती.

मी तिथं जायचो तेव्हा आधी फोन करायचो. शिष्टाचार म्हणून. एक दिवस मामाजींनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि खालच्या आवाजात झापलं. "फोन करून काहून येतो? फोन केला का चादर बदलते. न सांगता येत जा. कधी सकाळी, कधी जेवणाच्या टायमाले. एकाच वारी तं येऊच नको."

"पण मामाजी, तुम्ही तर इथंच आहात की."

"आता आहो." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "मी गेल्यावर हिले कोणावर शंका घेता येणार नाही. कोणीतरी शंका घेणारं पाहिजे ना तिच्यासाठी. तुले जमत नाही ते काम, तू भोळा आहे लहानपणापासून. पण जमव. करनं तुह्याच्यानं होणार नाही, मले माहीत आहे. एवढं तं कर."

मी मान हलवली. त्यांनी माझा चेहरा बराच वेळ तपासला. त्यांचा विश्वास बसला की नाही, मला अजून माहीत नाही.

मामाजी मामीच्या आधी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. रंजनाला वाटलं, पुन्हा सोंग करून पडले आहेत, आणि ती म्हणे थोडा वेळ त्यांना चिडवत उभी होती. हे सांगताना ती पदरात तोंड घालून रडली. मामी अजून तिथं आहे. मी जातो, न सांगता जातो, वार बदलून जातो, चादरीचा कोपरा वर करून बघतो. तिथल्या लोकांना याचा राग येत नाही. सिस्टर एकदा म्हणाल्या, "शंका घेणाऱ्याची जागा रिकामी राहिली असती तर आम्हालाच चुकल्यासारखं झालं असतं." पण मला ठाऊक आहे की मी पाहणाराच आहे. दार उघडून आत जातो, खुर्ची ओढून बसतो, आणि रंजना मामीला कुशीवर वळवायला आली की उठून बाहेर जातो. एकदाही थांबलो नाही.

मामाजींना मी शेवटचं पाहिलं ती एक साधी सकाळ होती. फोन न करता जायची माझी ती पहिलीच वेळ, त्यामुळे मला चोरासारखं वाटत होतं. व्हरांड्यातून वळलो तर मामाजी खोलीच्या बाहेर, अर्धवट लोटलेल्या दाराआड, भिंतीला पाठ लावून उभे. कान दाराच्या फटीशी. मला पाहताच त्यांनी तळहात पुढे केला: थांब. मग बोट ओठांवर.

मी थांबलो. आतून रंजनाचा आवाज येत होता. ती मामीशी बोलत होती, आणि मामी बोलत नसल्यानं दोन्हीकडचं तीच बोलत होती. "आज पाणी थंड लागलं का वं आजी? नाही ना? मग तोंड काहून वाकडं केलं? बरं, आता डावा हात. हाव, डावाच. कालच्या सारखा उजवा नका देऊ." मामाजी एकेका शब्दाला हळूच मान हलवत होते. त्यांचं सगळं अंग त्या फटीकडे झुकलं होतं. कोणी ऐकतं आहे हे माहीत नसताना माणूस कसं बोलतं, तेवढंच त्यांना ऐकायचं होतं.

मला घशात खवखवलं. मी दाबायचा प्रयत्न केला, पण खोकला आलाच.

आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रंजना म्हणाली, "आजी, तुमचं माणूस आज बी दाराआड उभं आहे वं. आत बोलावू का उभंच राहू द्यू?"

आणि आतून मामीचा आवाज आला. शब्द नव्हते. पण ते हसणं होतं, एका बाजूनं ओघळलेलं. आम्ही दोघांनी ऐकलं.

मामाजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं. डोळे लाल झाले होते, आणि तरीही त्यांत तो जुना संशय भरलेला होता.

"तू मुद्दाम खोकलला," ते कुजबुजले.

"नाही मामाजी, खरंच..."

"जाय आता. मी आहो इथं."

आणि भिंतीवरून हात सरकवत ते पुन्हा दाराच्या फटीशी गेले.